ह्यांचं नाव

॥ मुक्ताई प्रसन्न ॥

फैजपूर
मोक्षदा एकादशी, १ डिसेंबर २०२५

चि. सौ. मोहिनीस,

अक्काचे भरभरून आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस. म्हणजे घाबरण्यासारखंच आहे, पण तब्येतीचं काही नाही. ह्यांची शुगर ठीक आहे. कान मात्र आहेत तसेच. काल म्हटलं, दूध नासलं, तर म्हणे, कोण हसलं?

मोहिनी, आठ दिवसांपासून माझं फेसबुक उघडत नाही. रोज पूजा आटोपली की मी एक अभंग आणि देवघरासमोरची रांगोळी टाकते, तुला माहीत आहे. मागच्या सोमवारी बघते तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’. पाच वेळा टाकला. वाटलं, बोट चुकतंय. चष्मा पुसून सहाव्यांदा टाकला. चुकीचाच.

म्हटलं जाऊ दे, बिघडलं असेल, दुकानदाराला दाखवायचं तर तो पैसे घेईल. तर परवा सकाळी समोरच्या कापड दुकानातल्या प्रेमकुंवरबाई विचारतात, “कुंदाबेन, आज पूजा लवकर झाली वाटतं? तुमचा हिरवा दिवा लागलेला होता. मी रामराम केला तर बोलल्याच नाहीत.” मी त्या वेळी तुळशीला पाणी घालत होते गं! माझा मोबाईल आत, उशीखाली. मग तो हिरवा दिवा कोणाचा? माझा फोटो लावून, माझं नाव लावून तिथे कोण बसलंय?

तशीच बँकेत गेले. पासबुक भरून आणलं, वहीशी ताळा केला. पैशाला पैसा जुळला. प्रेमकुंवरबाई म्हणाल्या, मग काय, पोरासोरांचा चाळा असेल. पण मला उलट जास्त भीती वाटायला लागली. घरात चोर शिरला, आठ दिवस राहिला आणि चमचासुद्धा नेला नाही, मग तो आलाय कशाला?

आता तुला एक सांगते, हसू नकोस. पासवर्ड मी ह्यांचं नाव ठेवलं होतं. पुढे लग्नाचं साल. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जावयांनी, भूषणरावांनी, मला ते खातं काढून दिलं तेव्हा म्हणाले, आई, असा शब्द टाका जो तुमच्या तोंडून कधीच निघणार नाही. मी पदराआड मोबाईल धरला आणि इंग्रजी अक्षरांत तेच टाकलं. अडतीस वर्षांत उखाण्याशिवाय जो शब्द तोंडातून काढला नाही, तो कोणाला सुचणार, असं वाटलं. मेलला पण तोच, गॅसच्या नोंदणीला पण तोच. आता वाटतं, केवढी वेडी मी. ते नाव तर आपल्या फाटकावर पाटीला आहे.

फोनच करणार होते. नंबर लावला आणि ठेवून दिला. चारू सासरहून निघून गेल्यापासून फोनवर तिचा विषय काढायचा नाही असं आपलं ठरलंच आहे, आणि आता तर फोनचा भरवसाच संपला. म्हणून हे स्पीड पोस्टाने.

माझ्या नावाने कोणी तुझ्याकडे पैसे मागितले तर दमडी देऊ नकोस.

चारू कुठे आहे ते मला अजूनही कळवू नकोस. जावई समोर येऊन बसले आणि विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. माहीतच नसलं तर सांगण्याचा प्रश्न नाही. फक्त प्लास्टर निघालं का, बोटं हलतात का, एवढंच लिही. कोणत्या दवाखान्यात ते नको.

तुझी,
कुंदाअक्का

---

साक्री बस स्थानक
४ डिसेंबर

ती. अक्का,

पायावर डोकं ठेवते. गावाचं नाव वर लिहून बसले, आता खोडत नाही. तुला कळायचं ते कळलंच. पुढच्या गाडीला पाऊण तास आहे. फोन करायची मलाही हिंमत नाही, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन लिहितेय. अक्षर लावून घे.

तुझं पत्र आज सकाळी आलं. ह्यांचं नाव पासवर्डला ठेवलं, ही ओळ वाचली आणि मी पिशवी भरायला घेतली.

अक्का, गेल्या शुक्रवारपासून तू माझ्याशी फेसबुकवर बोलतेयस. रोज. आधी ‘कशी आहेस’. मग ‘चारूची फार आठवण येते, झोप लागत नाही’. मग ‘मेथीचे लाडू केलेत, पोरीला पाठवायचे आहेत, कुठे पाठवू’. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. ठरलंय ना आपलं. पण मंगळवारी तू लिहिलंस, ‘आईच्या जिवाला काय वाटतं ते तुला कसं कळणार, तुला मुलगी नाही.’ ते मला लागलं गं. आणि वाटलं, खरंच, ती आई आहे, किती दिवस दगड ठेवणार उरावर. मी लिहिलं, ‘साक्रीकडे आहे, सुखरूप आहे.’ एवढंच. गाव नाही, घर नाही. पण साक्री म्हटलं.

आज तुझं पत्र हातात धरून ते सगळं पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, ‘तोतारामरावांनाही घास गोड लागत नाही.’ मंगळवारी ते वाचून मी काय म्हटलं असेल सांगू? म्हटलं, अक्का मोबाईलवर चांगली सुधारली, दाजींना नावाने लिहायला लागली! हसले पण मी. सख्खी बहीण, आणि मला तेव्हाच कळलं नाही.

पैशाला पैसा जुळला म्हणतेस. त्याला पैसे नकोच होते. कोण आहे ते तुला लिहून सांगायला नको. खातं काढून कोणी दिलं ते तूच लिहिलंयस.

पोर माझ्या नणंदेकडे, लताबाईकडे आहे. तिच्या वाडीत फोन लागत नाही, म्हणून मी स्वतः निघालेय. आजच तिला तिथून हलवते. कुठे ते लिहीत नाही.

दार लावून घे. कोणी काही विचारलं तर काही म्हणजे काही बोलू नकोस. गाडी लागली. हे पत्र इथल्या पेटीत टाकते.

मोहिनी

---

फैजपूर
५ डिसेंबर

चि. मोहिनीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर अजून आलं नाही, तरी लिहितेय, कारण जिवाला जरा बरं वाटलं.

आज सकाळी भूषणराव आले होते. एकटेच. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी दाराआड सरकले, पण माणूस वाकून पाया पडला, ह्यांच्याजवळ बसला, दोन पोळ्या खाल्ल्या. म्हणे, आई, माझं चुकलं, रागाच्या भरात हात उठला. डोळ्यांत पाणी होतं. चारू कुठे आहे असं एकदाही विचारलं नाही. मी मनात मुक्ताईला हात जोडले.

मग म्हणाले, “तुमचं फेसबुक बंद पडलंय ना? द्या इकडे फोन, दोन दिवसांत नीट करून देतो.” मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवलाय भीतीने. काढायला उठणार, तर हे मध्येच म्हणाले, “कोण? मोहन? कोण मोहन?” त्यात विषय राहून गेला. एक गोष्ट आता लिहिताना मनात येतेय. फेसबुक बंद पडल्याचं मी फक्त तुला आणि प्रेमकुंवरबाईंना सांगितलं होतं. ह्यांना सांगितलं, पण ह्यांना कुठे ऐकू गेलं. त्यांना कोणी सांगितलं असेल? दुकानात बोलणं झालं असेल कदाचित.

जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, “मला कामाने साक्रीकडे जायचंय, थंडी फार असते म्हणे तिकडे. आपलं कोणी आहे का त्या बाजूला? दुपारचं टेकायला.” मी म्हटलं, आमचं नाही कोणी, पण मोहिनीची नणंद लताबाई तिकडे पिंपळझऱ्याला दिलीय, चांगली माणसं आहेत, चहा केल्याशिवाय सोडणार नाहीत. त्यांनी गावाचं नाव मोबाईलवर टिपून घेतलं. मला बरं वाटलं, जावई पुन्हा नात्यागोत्यात मिसळायला लागले म्हणून.

खरंच माणूस बदलतं का गं? तुला काय वाटतं ते लिही. चारूच्या हाताचं पण लिही.

अक्का

---

दोंडाईचा
८ डिसेंबर

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. हे पत्र पोस्टाने नाही, ललितच्या हाती देतेय. माझा मुलगाच आहे तो, त्याच्यावर भरवसा ठेव आणि तो म्हणेल तसं कर.

तुझं पाच तारखेचं पत्र आज मिळालं, आणि मला जे तीन दिवस कळत नव्हतं ते कळलं. तुझ्यावर रागावू कशी? मी साक्री म्हटलं, तू पिंपळझरा म्हटलंस. अर्धं अर्धं दोघींनी मिळून दिलं त्याला.

पोर वाचली, हे आधी लिहिते. गुरुवारी अंधार पडायच्या आत मी तिला तिथून काढलं. शुक्रवारी संध्याकाळी तो लताबाईच्या दारात उभा. तिने आपल्या बोलीत सांगितलं, “पोर इठे नही शे. आनि ऱ्हाती तरी तुले दिसती नही.” तो घरात डोकावला, गोठ्यात जाऊन आला. लताबाईचे दोन्ही दीर शेतातून आले तेव्हा गेला. तुझ्या लक्षात आलं का, अक्का? एक दिवस. एकच दिवसाचं अंतर होतं.

साक्रीला परत येऊन रेंज लागली असेल त्याला. लगेच मला फेसबुकवर तुझा निरोप. तुझा फोटो, नऊवारीतला, देवघरासमोरचा, आणि खाली, ‘मोहिनी, चारू लताबाईकडे नाही. कुठे नेलीस तिला?’ मी कुठे लताबाईचं नाव घेतलं होतं? माझ्या हातातून फोन पडला. तुझ्या हसऱ्या तोंडाकडे बघून मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मग ललितला धुळ्याहून बोलावून घेतलं. वकिलाकडे काम करतो, त्याला कळतं. त्याने सांगितलं तसं मी उत्तर दिलं, ‘अक्का, ती उद्या माझ्याकडे येतेय, अकराच्या गाडीने.’ खोटं बोलल्याचं पाप माझ्या खात्यावर.

शनिवारी दोंडाईचा स्टेशनवर भूषण हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही चहाच्या टपरीमागे, ललितसोबत पोलीस ठाण्यातल्या एक बाई आणि एक हवालदार. गाडी आली, गेली. चारू कुठली उतरणार? बाई त्याच्याजवळ गेल्या, कोणाची वाट बघता? म्हणाला, “बायको येतेय. मावससासूबाईंनी कळवलं.”

मी पुढे झाले. म्हटलं, “जावईबापू, मी तुम्हाला कधी कळवलं? मी तर अक्काला कळवलं होतं.”

तोंड असं झालं त्याचं! फोन उघडायला लावला तर आत तू. म्हणजे तुझं खातं.

पण त्यांनी जबाब लिहून घेतला आणि सोडून दिला. म्हणे, बायकोला घ्यायला आलो, यात गुन्हा काय? फोन तेवढा ठेवून घेतलाय. ठाण्यातल्या बाई म्हणाल्या, खातं ज्यांचं, फिर्याद त्यांची लागते. तू जळगावला सायबर पोलिसांत जाऊन जबाब दिलास तर पुढे काही होईल. नाही दिलास तर हे घरगुती भांडण म्हणून फाईल बंद, आणि तो पुन्हा शोधायला मोकळा.

जावयावर तक्रार कशी करू, असं तू म्हणशील. मी तुला ओळखते. म्हणून एकच लिहिते. प्लास्टर निघालंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मिटत नाही. भाकरी थापायला गेली तर पीठ बोटांतून गळतं.

मोहिनी

---

फैजपूर
१२ डिसेंबर

चि. सौ. मोहिनीस,

अनेक आशीर्वाद. ललितने तुला तोंडी सांगितलंच असेल, पण काही गोष्टी त्याला माहीत नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि माझं ते पाच तारखेचं पत्र आठवून मी देवघरात जाऊन बसले. देवापुढे बघवेना. खोटं बोलायचं नाही या माझ्या नेमापायी मी पोरीला मारणाऱ्यालाच गावाचं नाव सांगितलं, वर चहा मिळेल म्हणून सांगितलं. ह्यांना खडूने पाटीवर लिहून दाखवलं सगळं. पाटीवर लिहिलं की कळतं त्यांना. वाचून त्यांनी पाटी पुसली, काठी घेतली. मग म्हणाले, “चल.”

निघायच्या आदल्या दिवशी तो प्रेमकुंवरबाईंच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. आमच्या फाटकाकडे, ह्यांच्या नावाच्या पाटीकडे बघत तासभर उभा. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. प्रेमकुंवरबाईंनी शेवटी त्याच्या पायाशी बादलीभर पाणी ओतलं, झाडायचंय म्हणाल्या, तेव्हा गेला. पाठोपाठ त्याच्या आईचा फोन, “विहीणबाई, लेकीचा संसार मोडायला निघालात का?” मी फोन ठेवला आणि पुन्हा तांदळात पुरला.

जळगावला मॅडम चांगल्या भेटल्या. आपल्या चारूपेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. ह्यांना बाहेर बाकावर बसवलं, ललित माझ्याजवळ. त्यांनी त्यांच्या पद्धतीने खातं परत माझ्या हाती दिलं आणि एक यादी दाखवली, कुठून कुठून उघडलं होतं त्याची. जळगाव, जळगाव, जळगाव. एक दिवस फैजपूर, तो आमच्याकडे पोळ्या खात होता तो. आणि त्याच पाच तारखेला, संध्याकाळी, साक्री. मी त्या शब्दावर बोट ठेवून बसले, मला बोट उचलेना.

मॅडमनी आधी त्याला सगळीकडून बाहेर काढायला लावलं. मग म्हणाल्या, आता नवा पासवर्ड. चार शब्द घ्या, एकमेकांशी काही नातं नसलेले. माणसाचं नाव नको, साल नको, देवाचं नाव पण नको.

मी म्हटलं, “देवाचं पण नको?”

“देवाचं तर सगळेच ठेवतात, मावशी.”

फेसबुकला वेगळा, मेलला वेगळा, गॅसला वेगळा. शिवाय दुसरं कुलूप लावून दिलं, नव्या ठिकाणी उघडलं की माझ्याच मोबाईलवर आकडे येतात, ते आकडे सख्ख्या भावाला पण सांगायचे नाहीत. मी विचारलं, मला एवढं लक्षात नाही राहणार, वहीत लिहू का? म्हणाल्या, लिहा, पण हिशोबाच्या वहीत नको, ती सगळे चाळतात. वेगळ्या कागदावर, कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली. तसं केलंय. चार शब्द कोणते ते तुलाही सांगणार नाही, रुसू नकोस.

मग जबाब सुरू झाला. सगळं नीट सांगितलं मी. आणि मॅडमनी विचारलं, “जुना पासवर्ड काय होता? आता बदललाय, सांगायला हरकत नाही. त्याला अंदाजाने काढता आला असता का, ते फिर्यादीत यायला पाहिजे.”

मी म्हटलं, “ह्यांचं नाव.”

“म्हणजे काय? नाव सांगा.”

ललित सांगायला लागला तर मॅडमनी त्याला थांबवलं. फिर्यादी कोण, तू का मावशी? जबाब त्यांच्या तोंडून पाहिजे. टंकन करणारी मुलगी हसली, म्हणाली, उखाण्यात घ्या ना, मावशी. सगळे हसले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना वाटलं म्हातारी लाजतेय. मी लाजत नव्हते गं. मनात आलं, एवढं एक नाव न घेण्यात मी जन्म घालवला, कारण नाव घेतलं तर ह्यांचं आयुष्य कमी होतं असं आई सांगायची. आणि इकडे पोरीची बोटं मिटत नाहीत. उखाणा मांडवात घेतात. इथे मला उखाणा घ्यायचा नव्हता.

मी सरळ म्हटलं. जरा जोरातच निघालं. “तोताराम.”

आणि मोहिनी, बाहेरून आवाज आला, “ओ! काय गं?”

कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी ज्यांना पत्ता नसतो, ते काठी टेकत दारात येऊन उभे. “मला हाक मारलीस?” म्हणे. कोणी हसलं नाही मग. मॅडमनी खुर्ची दिली त्यांना. मी खाली बघत सही केली. पूर्ण नाव लिहायचं असतं सहीत, ते पण लिहिलं. कुंदा तोताराम पाटील.

काल त्याला जळगावच्या ठाण्यात बोलावून ठेवून घेतलं. मारहाणीची तक्रार चारूने स्वतः द्यायची आहे, ती कुठून देईल, कशी देईल ते ललित बघणार आहे. मला सांगू नका. पण तो जामिनावर येईल म्हणतात. येईलच. म्हणून अजून कडी दोनदा बघते. फाटकावरची पाटी मी काढायला सांगितली होती, ह्यांनी नाही काढली.

दार वाजलं की अजूनही हातातलं काम सुटतं. पण आता मी आधी दाराशी जात नाही. स्वयंपाकघरातूनच हाक मारते, नावाने, रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. हे कुठेही असोत, मागच्या अंगणात का न्हाणीत, दर वेळी ‘ओ’ देतात. मग मी कडी काढते.

चारूला सांग, रोज गरम पाण्यात हात धरून मूठ मिटायची. आई विचारत होती म्हणावं.

तुझी,
कुंदाअक्का